विकासाची तेरीज : नौपाड्यातील बारा शनिवारांचा अभ्यासवर्ग

ठाण्यात गोखले रस्त्याच्या आतल्या अंगाला, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, आर्थिक वृद्धी आणि विकास या विषयांवरील संशोधन कसे वाचावे हे शिकवणारा बारा आठवड्यांचा अभ्यासवर्ग चालतो. दर शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते आठ अशी त्याची वेळ आहे, शुल्क साडेसहा हजार रुपये आहे, माध्यम मराठी आहे आणि प्रवेशाची अट एवढीच की शेकडेवारी काढता यावी व आलेख पाहून घाबरू नये. गेल्या पावसाळ्यातील तुकडीत मी हा वर्ग पूर्ण केला. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही उणिवा लिहायच्या आहेत आणि वर्ग चालवणारी मंडळी इनमीन चार आहेत. नौपाड्यात ज्याला वाचनाची आवड आहे त्याला पत्ता शोधायला फार वेळ लागणार नाही.

परीक्षण लिहिणारा कोण आहे हे वाचकाला ठाऊक असलेले बरे. मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. वाणिज्य शाखेतून पदवी घेतली आणि वागळे इस्टेटमधील एका अभियांत्रिकी कारखान्यात बावीस वर्षे लेखा विभागात काम केले. तो कारखाना बंद झाला, शेड पाडली गेली आणि आज त्या जागी काचेची इमारत उभी आहे. तिच्यात सकाळी शिरणाऱ्या माणसांची संख्या आमच्या तिन्ही पाळ्यांच्या बेरजेहून जास्त असावी. याला प्रगती म्हणायचे की पडझड, हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षे होता. दोन्ही बाजूंनी ठामपणे बोलणारे लोक चहाच्या टपरीपासून दूरचित्रवाणीपर्यंत सर्वत्र भेटतात. परंतु असे विधान खरे की खोटे हे ठरवतात कसे, ते सांगणारा कोणी भेटला नव्हता. अभ्यासवर्गाच्या पत्रकावर नेमके तेच आश्वासन होते, म्हणून पैसे भरले.

पहिला शनिवार जवळजवळ सगळा शब्दांत गेला. वृद्धी म्हणजे उत्पादनाची वाढ आणि विकास म्हणजे त्या वाढीबरोबर माणसाच्या जगण्यात, शिक्षणात, आरोग्यात, कामाच्या स्वरूपात होणारा बदल, हा भेद पाठ्यपुस्तकात सापडतो आणि वर्ग त्यावरच संपला असता तर मी दुसऱ्या शनिवारी गेलो नसतो. सरांनी मात्र तेथून थेट दादाभाई नौरोजींकडे मोर्चा वळवला. १८६७ ते १८७० या काळासाठी भारतीय माणसाचे दरडोई वार्षिक उत्पन्न वीस रुपये असल्याचा अंदाज दादाभाईंनी कसा बांधला, कोणत्या पिकाचे किती क्षेत्र, एकरी किती उतारा आणि त्याचा भाव काय धरला, हे त्यांनी फळ्यावर मांडून दाखवले. त्यानंतर दादाभाईंनी केलेली तुलना सांगितली: तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार जितका खर्च करते तितकेही सामान्य माणसाच्या वाट्याला येत नाही. सरासरी उत्पन्नाचा आकडा कशाच्या शेजारी ठेवला की बोलू लागतो, हे मला त्या दिवशी कळले. बारा आठवड्यांतला हा सर्वात चांगला आरंभ होता.

पुढचे दोन शनिवार सिद्धांतांचे होते. रॉय हॅरॉड यांनी १९३९ साली आणि एव्हसी डोमार यांनी १९४६ साली स्वतंत्रपणे केलेल्या मांडणीचे सार एका भागाकारात बसते: बचतीच्या दराला भांडवल-उत्पादन गुणोत्तराने भागले की वृद्धीचा दर निघतो. बचत बारा टक्के असेल आणि वर्षाचे उत्पादन एक रुपयाने वाढवण्यासाठी चार रुपयांचे भांडवल लागत असेल, तर वृद्धी तीन टक्के. आपल्या पहिल्या पंचवार्षिक योजनेमागे हाच विचार होता. रॉबर्ट सोलो यांनी १९५६ साली या सरळ हिशेबाला अटकाव केला. सरांचे उदाहरण ठाण्याचेच होते. दहा कामगार आणि दहा लेथ असलेल्या शेडमध्ये अकरावा लेथ आणला तर थोडा उपयोग होईल, बारावा आणला तर त्याहून कमी, आणि पंधरावा आणला तर तो चालवणार कोण? आमच्या कारखान्यात असेच एक यंत्र चार वर्षे ताडपत्रीखाली उभे होते आणि मी दर वर्षी इमानेइतबारे त्याचा घसारा लिहीत होतो, त्यामुळे घटत्या उत्पादकतेचा सिद्धांत मला निराळा समजावून सांगावा लागला नाही.

खरी गंमत सोलो यांच्या १९५७ सालच्या लेखात होती. अमेरिकेत १९०९ ते १९४९ या चाळीस वर्षांत दर श्रमतासाला होणारे उत्पादन दुप्पट झाले, त्यातला यंत्रसामग्री वाढल्याचा वाटा त्यांनी वेगळा काढला आणि तो जेमतेम एक अष्टमांश निघाला. उरलेले सात अष्टमांश, म्हणजे रुपयातले चौदा आणे, तंत्रज्ञानातील बदलाच्या नावे टाकले गेले. लेखापालाला हे पाहून घाम फुटावा अशी गोष्ट आहे. तेरीज जुळली नाही की आम्ही फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतो आणि चूक सापडेपर्यंत ती तेथे ठेवतो. परंतु रुपयातले चौदा आणे सस्पेन्स खात्यात ठेवून ताळेबंदावर सही करायला कोणताही लेखापरीक्षक धजावणार नाही. मी हे वर्गात बोलून दाखवले, तेव्हा सरांनी मोझेस अब्रामोविट्झ यांचे नाव सांगितले. त्यांनी याच उरलेल्या भागाला आपल्या अज्ञानाचे माप म्हटले होते. नंतरची कित्येक दशके अर्थशास्त्रज्ञ या सस्पेन्स खात्यातील रक्कम शिक्षण, संशोधन, व्यवस्थापन अशा योग्य खात्यांवर वर्ग करण्याच्या खटपटीत आहेत, असे वृद्धी-संशोधनाचे वर्णन केले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

चौथ्या आठवड्याचा उल्लेख आवर्जून करायला हवा, कारण असा वर्ग मराठीत घेण्याचे सार्थक तेथे झाले. विषय आर्थर लुईस यांचा १९५४ सालचा लेख हा होता. शेतीत गरजेपेक्षा जास्त माणसे अडकून पडलेली असतात, त्यातली काही काढून घेतली तरी पीक घटत नाही, ही माणसे कारखानदारीत जवळजवळ स्थिर मजुरीवर येत राहतात, नफा पुन्हा भांडवलात जातो आणि ज्या समाजाची बचत उत्पन्नाच्या चार-पाच टक्के होती त्याची बारा ते पंधरा टक्के होते, असा त्याचा गाभा. परंतु लुईस यांच्या आधी सरांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९१८ सालचा, भारतातील लहान शेतजमिनींवरचा निबंध वाचायला दिला होता. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे केवळ क्षेत्रफळावर ठरत नाही, त्यावर किती भांडवल आणि किती श्रम लागतात त्यावर ठरते. आपल्याकडे जमिनीवर माणसांचा भार जास्त आहे. हा रिकामा श्रम बसून खातो. आणि त्यावर इलाज तुकडे जोडण्यात नसून उद्योग वाढवण्यात आहे, हे त्या निबंधातील प्रतिपादन लुईस यांच्या छत्तीस वर्षे आधीचे आहे. दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचताना वर्गात जी शांतता पसरली ती मी शाळा सोडल्यापासून अनुभवली नव्हती. नंतर चर्चाही रंगली. भारताचा बचतीचा दर या शतकाच्या पहिल्या दशकात तीस टक्क्यांच्या पुढे गेला, म्हणजे लुईस यांच्या पंधरा टक्क्यांच्या दुप्पट, तरीही आज देशातील चाळीस टक्क्यांहून अधिक कामकरी माणसे शेतीत आहेत, ते का, या प्रश्नावर साडेआठ वाजून गेले आणि खालच्या रखवालदाराने जिन्यातला दिवा मालवला.

यानंतरचे तीन शनिवार आकडेवारीचे होते, आणि माझ्या मते साडेसहा हजारांतले पाच हजार तेथेच वसूल होतात. हा भाग घेणाऱ्या बाई सांख्यिकीच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या आहेत. त्यांनी पहिल्याच मिनिटाला विचारले, "ठाण्याचे उत्पन्न म्हणजे कोणाचे उत्पन्न?" कोपरीत राहणारा माणूस सकाळची जलद लोकल पकडून फोर्टमध्ये नोकरीला जातो. त्याचा पगार ठाण्यात खर्च होतो, त्याच्या मुलांची शाळा ठाण्यात आहे, त्याचे मत ठाण्यात आहे; परंतु जिल्हा उत्पन्नाचा हिशेब जेथे उत्पादन घडते त्या जागेवरून होत असल्यामुळे त्याच्या कामाचे मूल्य मुंबईच्या खात्यावर पडते. म्हणजे महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीत जिल्ह्याजिल्ह्यांचे दरडोई उत्पन्न पाहून आपण जेव्हा अमुक जिल्हा पुढे आणि तमुक मागे असे म्हणतो, तेव्हा भागाकारात वरचा आकडा उत्पादनाच्या जागेचा आणि खालचा आकडा राहत्या जागेचा असतो. रोज लाखो माणसे ज्या खाडीवरून ये-जा करतात त्या ठाण्याच्या बाबतीत हा तपशील किरकोळ नाही.

दुसरी गोष्ट पालघरची. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि पालघर हा वेगळा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत अविभक्त ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती आणि तो देशातील सर्वात मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा होता. आता जो कोणी २०११ आणि त्यानंतरच्या ठाण्याची तुलना करील त्याने आधी डहाणू, जव्हार, मोखाडा हे तालुके कुठे धरले आहेत ते सांगितले पाहिजे. आदिवासी तालुके वेगळे झाल्यावर उरलेल्या ठाण्याची सरासरी वर सरकणार हे उघड आहे, आणि ती सरकण्यासाठी ठाण्यात एकही नवा कारखाना निघण्याची गरज नाही. बाईंनी प्रत्येकाला एक वर्तमानपत्री कात्रण देऊन त्यात अशी चूक आहे का ते शोधायला लावले. माझ्या कात्रणात ती होती.

तिसरी गोष्ट मला व्यक्तिशः जिव्हाळ्याची होती. कारखान्यात असताना वार्षिक उद्योग पाहणीचा तक्ता मीच भरत असे. किती कामगार, किती दिवस काम, किती वीज, कच्चा माल किती, माल किती निघाला, अशा रकान्यांची ती कंटाळवाणी बाडे नंतर कुठे जातात याची चौकशी मी बावीस वर्षांत कधी केली नाही. ती राष्ट्रीय उत्पन्नात जात होती. त्या पाहणीत मोजणीचे एकक कारखाना असते, म्हणजे माल वागळे इस्टेटमध्ये तयार झाला तर तो तेथेच मोजला जातो. २०१५ साली २०११-१२ हे पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या भावांनी पुढचे उत्पादन मोजायचे ते वर्ष, धरून राष्ट्रीय उत्पन्नाची नवी मालिका आली, तेव्हा खासगी कंपन्यांसाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे भरलेल्या ताळेबंदांचा आधार घेण्यात आला. तेथे एकक संपूर्ण कंपनी हे झाले, त्यामुळे तिचे मुख्य कार्यालय, विक्री विभाग, जाहिरात असे सर्व काही उत्पादन क्षेत्राच्या मूल्यात आले. या बदलाने वृद्धीचा दर फुगला का? केंद्र सरकारचे माजी मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमणियन यांनी २०१९ साली असे मांडले की २०११-१२ ते २०१६-१७ या काळात भारताचा वृद्धिदर दर वर्षी सुमारे अडीच टक्के-अंकांनी जास्त दाखवला गेला, आणि पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने त्याला सविस्तर उत्तर दिले. बाईंनी वर्गाचे दोन गट केले, एकाला एक बाजू दिली, दुसऱ्याला दुसरी, आणि पंचेचाळीस मिनिटांनी बाजू बदलायला लावल्या. त्यांनी स्वतःचे मत शेवटपर्यंत सांगितले नाही. विचारले तर म्हणाल्या, "काका, मी पेन्शनर आहे. तुम्ही वही तपासा."

याच सत्रात रबाळ्याला पावडर कोटिंगचा गाळा चालवणाऱ्या एका सहाध्यायी बाईंनी सांगितले की कारखाना म्हणून नोंद होण्यासाठी कामगारसंख्येची जी किमान अट असते, तिच्या एक पायरी खाली राहण्याकडेच लहान गाळ्यांचा कल असतो. असे गाळे उद्योग पाहणीच्या जाळ्यात येत नाहीत, त्यांच्यासाठी असंघटित उद्योगांची वेगळी पाहणी असते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या जॉबवर्कची साखळी ज्याने पाहिली आहे त्याला हे नवीन नाही. परंतु हीच गोष्ट संशोधनलेखातील तळटीप म्हणून पुढे आली की तिचे वजन कळते.

आंतरराष्ट्रीय तुलनेवर अर्धेच सत्र होते आणि ते पुरले. चरईतल्या केशकर्तनालयात शंभर रुपयांत केस कापून मिळतात, लंडनमध्ये त्याच कामाला त्याच्या कित्येक पट लागतात, म्हणून विनिमय दराने रुपयाचे पौंड केले तर आपण आहोत त्याहून गरीब दिसतो. हा दोष काढण्यासाठी क्रयशक्ती समतेचा, म्हणजे त्याच वस्तू-सेवांना दोन्हीकडे किती पैसे पडतात यावरून चलने जोखण्याचा, हिशेब करावा लागतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रॉबर्ट समर्स, अॅलन हेस्टन आणि अर्व्हिंग क्रेव्हिस यांनी ज्या कामाची पायाभरणी केली आणि जे आता ग्रोनिंगेन विद्यापीठातून चालते, ते पेन वर्ल्ड टेबल आम्हाला संगणकावर उघडून दाखवले. त्याच्या दहाव्या आवृत्तीत १८३ देशांची १९५० ते २०१९ पर्यंतची आकडेवारी आहे आणि ती कोणालाही फुकट उतरवून घेता येते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा प्रत्येक सत्रात "सर, हे परीक्षेला येतं का?" असे विचारत असे, त्या दिवशी मात्र तो रात्री नऊपर्यंत दक्षिण कोरिया आणि भारत यांच्या रेषा एकमेकींवर ठेवून बसला होता.

प्रत्यक्ष संशोधनलेख वाचण्याच्या सत्रांपैकी दोन उत्तम होती. एक रेल्वेचे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला पोहोचली ही गोष्ट ठाणेकराला शाळेपासून पाठ असते. त्या रुळांनी लोकांच्या उत्पन्नाचे काय केले हे मात्र आपण विचारत नाही. डेव्ह डोनाल्डसन यांनी ब्रिटिश काळातील जिल्हावार पिके, भाव आणि मालवाहतूक यांची जुनी दफ्तरे उपसून असा निष्कर्ष काढला की रेल्वे आल्यावर जिल्ह्याचे शेतीतील वास्तव (भाववाढ वगळून मोजलेले) उत्पन्न साधारण सोळा टक्क्यांनी वाढले. येथे शंका येते की रेल्वे मुळात भरभराटीच्या भागातच नेली असेल. तिचे उत्तर देण्यासाठी त्यांनी आखणी झालेले पण कधीच न बांधलेले मार्ग तपासले. तेथे तसा परिणाम दिसला नाही. ही युक्ती ऐकून वर्गात उत्स्फूर्त दाद आली, नाट्यगृहात येते तशी.

दुसरे सत्र बालसखीचे. मुंबई आणि वडोदरा येथील पालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांना दिवसातले दोन तास वेगळे शिकवण्यासाठी वस्तीतल्याच तरुणी नेमायच्या, हा 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेचा उपक्रम. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवून त्याची परीक्षा घेतली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या लेखानुसार दुसऱ्या वर्षी गुणांत ०.२८ प्रमाण विचलनाइतकी (प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीपासून किती विखुरलेले आहेत याचे माप) वाढ झाली आणि तिचा मोठा भाग तळाच्या मुलांच्या वाट्याला आला. त्याच वेळी अँगस डीटन यांचे आक्षेपही वाचायला दिले होते: एका ठिकाणी एका वेळी जे चालले ते दुसरीकडे चालेलच असे नाही, आणि ते का चालले हे नुसत्या चिठ्ठ्यांनी कळत नाही. हा तोल मला आवडला. संस्थांच्या, म्हणजे देशातील कायदे, मालमत्तेचे हक्क आणि राज्यकारभाराची घडी यांच्या, गुणवत्तेवरील, डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांच्या २००१ सालच्या लेखाबाबतही तेच धोरण होते. वसाहतीत गेलेल्या युरोपीय लोकांच्या मृत्युदरावरून आजच्या संपन्नतेपर्यंतचा माग काढणारा तो युक्तिवाद ऐकताना माणूस भारावतो. मग डेव्हिड अॅलबुई यांचा २०१२ सालचा आक्षेप येतो की ६४ देशांपैकी ३६ देशांचे मृत्युदर त्या देशांचे नसून दुसऱ्या देशांवरून घेतलेले आहेत. त्या लेखकत्रयीला २०२४ साली नोबेल मिळाले हेही त्याच दमात सांगितले गेले. पुरस्कार आणि आक्षेप एकाच फळ्यावर लिहिण्याची सवय आपल्याकडच्या वर्गांत दुर्मीळ आहे.

आता तक्रारींकडे वळतो. मोठी तक्रार एकच आहे आणि ती दहाव्या शनिवारची आहे. पॉल रोमर यांची १९९० सालची मांडणी, म्हणजे कल्पना एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी संपत नाही आणि म्हणून वृद्धी टिकू शकते. फिलिप अॅगियॉं आणि पीटर हॉविट यांचे १९९२ सालचे सर्जनशील विध्वंसाचे प्रारूप, ज्यात नवे येते ते जुन्याला बाजूला सारूनच. आणि डॅनी रॉड्रिक यांनी २०१६ साली दाखवलेले अकाली वि-औद्योगिकीकरण, म्हणजे आजच्या विकसनशील देशांत कारखानदारीचा वाटा पूर्वीच्या देशांपेक्षा कमी उत्पन्नावर असतानाच उतरणीला लागतो: या तीन विषयांना मिळून चाळीस मिनिटे मिळाली. अॅगियॉं आणि हॉविट यांना जोएल मोकिर यांच्यासह २०२५ सालचे नोबेल मिळाल्यानंतर तरी या भागाला स्वतंत्र सत्र हवेच. माझा कारखाना आणि माझी काचेची इमारत याच तीन विषयांच्या मधोमध उभी आहे. सोलो आणि लुईस यांच्यासाठी जितका वेळ दिला त्याच्या निम्मा येथे दिला असता तरी चालले असते. मी आयोजकांना हे सांगितले. त्यांचे म्हणणे असे की तो दिवस मुसळधार पावसाने खाल्ला. लोकल बंद पडल्यामुळे सत्र दूरस्थ पद्धतीने झाले, अर्ध्यांना फळा दिसत नव्हता आणि उरलेल्यांना आवाज ऐकू येत नव्हता, हे खरे आहे. मात्र जुलैत ठाण्यात पाऊस पडतो हे वेळापत्रक करणाऱ्यास ठाऊक असायला हरकत नसावी, आणि भरपाईचे सत्र घ्यायला कोणाचीच आडकाठी नव्हती.

टिपणांचा संच स्पायरल बांधणीचा, एकशे साठ पानांचा आहे. मजकूर स्वच्छ आहे, पण आलेख रंगीत मूळ प्रतीवरून काळ्या-पांढऱ्यात काढल्यामुळे सहा देशांच्या सहा रेषा सारख्याच काळ्या दिसतात आणि कोरिया कोणता, घाना कोणता हे वाचकाच्या देशभक्तीवर सोडलेले आहे. परिभाषेबाबत मंडळी गोंधळलेली वाटली. छुपी बेकारी, घसारा, क्रयशक्ती हे शब्द जिभेवर बसलेले आहेत. अभिसरण, म्हणजे गरीब देशांनी श्रीमंत देशांना गाठत जाणे, हेही चालून जाते. परंतु यादृच्छिकीकरण हा शब्द सांगणाऱ्यालाही अडखळवत होता आणि पाचव्यांदा अडखळल्यावर सर स्वतःच चिठ्ठ्या टाकणे म्हणू लागले. तेच टिपणात छापावे. घरातील बायकांच्या विनामोबदला कामाची राष्ट्रीय उत्पन्नात गणना होत नाही, या विषयाला टिपणात एक परिच्छेद आहे. रबाळ्याच्या बाईंनी त्यावर विचारलेल्या तिन्ही प्रश्नांना "पुढे पाहू" असे उत्तर मिळाले आणि पुढे काही पाहिले गेले नाही.

जागा बरी आहे. लिफ्ट नाही, खुर्च्या प्लास्टिकच्या आहेत, दोन वातानुकूलन यंत्रांपैकी एक चालते आणि चालते त्याखाली बसणाऱ्याच्या वहीवर थेंब पडतात. सात वाजता कटिंग चहा येतो. समारोपाला प्रमाणपत्रे, शाल, श्रीफळ आणि तीन भाषणे यांत शेवटच्या सत्राचा पाऊण तास गेला, जो दहाव्या आठवड्याच्या कामी आला असता.

शेवटी प्रत्येकाने दोन पानांचा गृहपाठ द्यायचा असतो: एक विधान, त्याचा आधार आणि ते कोणत्या कारणाने चूक ठरू शकेल. मी विधान घेतले की वागळे इस्टेटमधील कारखाने गेल्यामुळे ठाणे गरीब झाले. जुन्या सवयीने तक्ते काढले, पालघरची दुरुस्ती केली, पायाभूत वर्षाची तळटीप टाकली आणि माझेच विधान मला टिकवता आले नाही, कारण जिल्ह्याचे आकडे त्याला पाठिंबा देत नव्हते. बाईंनी लाल पेन्सिलीने पहिल्याच ओळीखाली रेघ मारून शेजारी लिहिले होते: "ठाणे म्हणजे जिल्हा, की लेथवरचा टर्नर? टर्नर आता कुठे काम करतो?" आमच्या विभागातल्या ज्या टर्नर-फिटरांचे मला ठाऊक आहे त्यातले दोघे रखवालदार झाले, एकाने कळव्याला रिक्षा घेतली, एक मुलाकडे नाशिकला गेला. चार माणसांचा नमुना संशोधनाला पुरत नाही, हेही मी याच वर्गात शिकलो आहे. आणि काढून टाकलेल्या कामगारांचा वर्षानुवर्षे माग ठेवणारी आकडेवारी जमवायची तर ती कशी, हा दुसऱ्या टप्प्याचा विषय आहे असे बाईंनी सांगितले.

ज्यांना परीक्षेसाठी आयती उत्तरे हवी आहेत किंवा देश कुठे चालला आहे यावर तयार मत हवे आहे त्यांनी साडेसहा हजार रुपये वाचवावेत. बँकेत, कारखान्यात, पालिकेत आयुष्यभर आकडे भरलेल्या माणसाला मात्र हा वर्ग इतर कोणाहीपेक्षा जास्त देतो, कारण त्याला रकाना भरणाऱ्याचा हात आठवतो. पाचवा, सहावा आणि सातवा शनिवार कोणत्याही लग्नकार्यासाठी चुकवू नये. सर्वेक्षण आणि प्रतिगमन विश्लेषण (एका गोष्टीच्या बदलाचा दुसरीशी असलेला संबंध आकड्यांतून काढणे) यांवरचा आठ आठवड्यांचा दुसरा टप्पा जानेवारीत सुरू होतो, त्याचे शुल्क मी भरले आहे, आणि या वेळी खुर्ची थेंबापासून तीन रांगा लांब घेणार आहे.